न विचारलेली चौदा घरं

गावाच्या कार्यालयात नकाशे काढणाऱ्या बाईंना सगळे टेपबाई म्हणत. मोजायची टेप त्यांच्या पर्समध्ये नाही, असा दिवस कधी उगवला नाही. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या तरी जिन्याची तिसरी पायरी इंचभर उंच झालीय हे सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणे, "मी गावाची वेळ सांभाळतो, ही गावाची जागा सांभाळते. घरात मात्र आम्हाला वेळ नाही आणि जागाही नाही." दोन खोल्यांचं घर, त्यात सासूबाई, म्हणजे बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

कामाला त्या चोख होत्या. बसथांब्यावर बाक बसवायचा होता, तेव्हा वेगवेगळ्या उंचीची खोकी घरी आणून त्यांनी सासूबाईंना त्यांवर बसवून पाहिलं होतं. "बसा. आता उठा. आता परत बसा." पाचव्या खोक्याला सासूबाई वैतागल्या. "अगं, तू बाक करतेस की मला शाळेत घालतेस?" पण तो बाक असा जमला की दुखऱ्या गुडघ्यांची माणसं बस यायची नसली तरी तिथे येऊन बसू लागली. ज्याला वापरायचं त्याला आधी विचारायचं, मग पेन्सिल हातात घ्यायची, हे टेपबाई येईल त्या नवख्या माणसाला ऐकवत असत.

म्हणून तर पुढे जे झालं ते त्यांना स्वतःलाच कधी नीट सांगता आलं नाही.

गावाला बाग आणि खेळाचं मैदान मंजूर झालं. वरून अट आली की प्रत्येक घरी जाऊन विचारायचं: काय हवं, कुठे हवं, कोण वापरणार. सहीची गरज नव्हती, घर क्रमांक आणि घरच्यांच्या हातची उत्तरं पुरेशी होती. गावात दोनशे बारा घरं. त्यांतली एकशे अठ्ठ्याण्णव अलीकडे, तळ्याच्या बाजूला. उरलेली चौदा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, जुन्या दगडखाणीजवळ. तिला खाणवस्ती म्हणत. बारा दिवस टेपबाई घरोघर फिरल्या. कुणाला घसरगुंडी हवी होती, कुणाला सावली, एका शिक्षकाला कारंजं, आणि त्याच्या बायकोला कारंजं सोडून काहीही.

शेवटी खाणवस्ती राहिली. शुक्रवारी सकाळी कागद पाठवायचे होते आणि गुरुवारी तीन वाजता टेपबाई तिथे जाणार, अशी नोटीसही वस्तीत गेली होती.

त्या गेल्या नाहीत.

काही विशेष घडलं नव्हतं. पुढे कितीतरी वेळा त्यांनी त्या दुपारी एखादं कारण सापडतंय का म्हणून शोधून पाहिलं. सासूबाई आजारी नव्हत्या, घरी पाहुणे नव्हते, बससुद्धा वेळेवर होती. ऊन होतं, पाय सुजले होते, आणि जागा तर ठरल्यातच जमा होती: तळ्याकाठची. चौदा घरांनी काहीही सांगितलं तरी दोनशेत काय फरक पडणार होता? त्या घरी आल्या, गरम पाण्याच्या टबात पाय सोडले आणि चौदा फॉर्म मांडीवर घेतले. अक्षर एकसारखं दिसू नये म्हणून तीन पेनं घेतली. 'चालायला वाट हवी.' 'बाक हवेत.' जागा सोयीची आहे का, या प्रश्नापुढे चौदा वेळा 'हो' लिहिलं. चौदा वेळा नुसतं 'हो' बरं दिसत नाही, म्हणून दोनतीन ठिकाणी भर घातली: 'रस्ता ओलांडायला काही अडचण नाही.'

नवरा दुकानातून आला, त्याने पेनांकडे पाहिलं. "आज बरीच पेनं काढलीस."

"शाई संपत आलीय सगळ्यांची," टेपबाई म्हणाल्या.

बाग झाली आणि खरंच छान झाली. तळ्याला वळसा घालणारी वाट, चार झोके, वाळूचं मैदान, झाडांखाली बाक. शेजारच्या गावांतून माणसं पाहायला येऊ लागली. गावसभेचे अध्यक्ष प्रत्येकाला म्हणत, "आमच्या टेपबाईंचं डोकं." त्या हसत. खाणवस्तीतली पोरं रस्ता ओलांडून येताना दिसली की मात्र हसू मध्येच अडायचं. पोरं वळणावरूनच धावत येत, कारण वस्तीची पायवाट तिथेच उतरायची.

दुसऱ्या वर्षी त्या वळणावर दुधाच्या टेम्पोने एका मुलीला उडवलं. आठ वर्षांची होती. वस्तीत तिला ठकी म्हणत, कारण ती कुणालाही बोलण्यात हरवी. जीव वाचला. पाय दोन ठिकाणी मोडला, तीन महिने प्लास्टरमध्ये राहिला, आणि निघाला तेव्हा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड होता.

टेपबाईंना ही बातमी कार्यालयात कळली. त्या उठून मोरीत गेल्या, नळ सोडला आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

पुढच्या गावसभेला खाणवस्तीची माणसं पहिल्यांदाच एकत्र आली. ठकीचे वडील उभे राहिले. "आमच्या पोरांनी रोज हा रस्ता का ओलांडायचा? बाग कुठे हवी, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाटातून फाईल आणवली. "असं बोलू नका. कागद बोलतात. हे बघा, घर क्रमांक तीन, तुमचंच ना? 'तळ्याकाठची जागा सोयीची आहे. रस्ता ओलांडायला काही अडचण नाही.' तुम्हीच लिहून दिलंय."

ठकीची आजी पुढच्या रांगेत होती. ती म्हणाली, "मला तर लिहिता येत नाही."

"मग घरातल्या कुणीतरी लिहिलं असेल, आजी," अध्यक्ष म्हणाले. मागून कुणीतरी हसलं.

आजीने मान वळवून सुनेकडे पाहिलं. सुनेने नवऱ्याकडे. नवरा चपलांकडे बघत खाली बसला. चौदा घरांच्या माणसांत तीच नजर फिरली: तू लिहिलंस? मग कोणी? टेपबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास होता, तो त्यांनी उचलला, पाणी प्यायल्या, खाली ठेवला. एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यात अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

त्यानंतर मनाने त्यांना जे खायला सुरुवात केली, ते थांबेना. त्यांनी वळणावर स्पीडब्रेकर मंजूर करून घेतला, 'हळू चालवा' असा फलक लावला. दवाखान्यात ओळख काढून ठकीच्या आखूड पायासाठी जाड तळ असलेला बूट करवून घेतला आणि कार्यालयातर्फे म्हणून पाठवला. प्रत्येक वेळी वाटे की आता जरा बरं वाटेल. उलट लोक म्हणत, "टेपबाईंना गरिबाची केवढी काळजी!" आणि त्या घाईने विषय बदलत. बागेत जाणं त्यांनी सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "स्वतः बांधलेल्या बागेत पाऊल टाकत नाहीस, माझ्यावर रागावलीस का?" त्यांनी तुटकपणे म्हटलं, "कामं असतात मला." आणि म्हातारीवर उगाच खेकसल्याची आणखी एक टोचणी मागे लावून घेतली.

अशी दोन वर्षं गेली. एक दिवस बाजारात त्यांच्या कानावर पडलं की ठकीच्या घरी सासू-सुनेचं बोलणं बंद आहे. म्हातारीला वाटतं, सुनेनेच नंतर कार्यालयात जाऊन, घरात न विचारता कागद भरून दिला. आपण लिहिलेलं वाक्य अजून कुणाच्या तरी घरात जेवायला बसतंय, हे टेपबाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या हातातली पिशवी तशीच घेऊन वळल्या आणि पायवाटेने वस्तीवर गेल्या. मधलं अंतर जेमतेम वीस मिनिटांचं होतं.

ठकीची आई अंगणात पोती शिवत होती. "बसा," ती म्हणाली. "बुटाचं काही विचारायला आलात का? घट्ट होतोय आता तो."

"तो कागद मी लिहिला," टेपबाई उभ्यानेच म्हणाल्या. "चौदाही मीच लिहिले. घरी बसून. मी आलेच नव्हते."

बाईच्या हातातला दाभण थांबला. तिने विचारलं, "का?"

टेपबाईंनी इतकी वर्षं या प्रश्नाची उत्तरं रचली होती. "पाय दुखत होते," त्या म्हणाल्या.

दारात ठकी उभी होती. आईने तिच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी आम्ही खाणीवर कामाला गेलोच नाही," आई मग म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तीन वाजता माणूस येणार म्हणून सगळी थांबलो. अंगण झाडलं. काय मागायचं यावरून आदल्या दिवशी भांडणंही झाली. साडेपाचपर्यंत वाट बघितली."

"काय मागणार होता?"

"काय असणार? खाणीच्या अलीकडे सपाट जागा आहे, पोरं तिथेच खेळायची. फक्त खड्ड्याच्या कडेला भिंत हवी होती. कंबरेएवढी. एवढंच ठरलं होतं."

टेपबाई ओट्यावर बसल्या. एक भिंत. ती त्यांनी अर्ध्या दिवसात आखली असती.

"माफी मागायला आले," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे नको. आधी आत सासूबाईंना सांगा. आणि मग जिथे ते मोठ्याने वाचलं ना, तिथे मोठ्याने सांगा."

आत म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. बाहेर येऊन सुनेजवळ बसली, पोत्याचं दुसरं टोक मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "दे, ही बाजू मी शिवते."

त्या संध्याकाळी टेपबाईंनी नवऱ्याला सांगितलं. तो भिंगातून एका घड्याळाच्या पोटात बघत होता. भिंग काढून म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला जे माहीत होतं, ते मी तुला काय सांगणार? वाटलं, तूच बोलशील." भिंग पुसत तो म्हणाला, "चुकलं माझं. तुझी शाबासकी मलाही गोड लागत होती."

गावसभेत टेपबाई उभ्या राहिल्या, तेव्हा पहिल्याच वाक्याला अध्यक्षांचा चेहरा उतरला. "टेपबाई, बसा. तुमची तब्येत बरी दिसत नाही."

"तब्येत ठीक आहे. घर क्रमांक एक ते चौदा, खाणवस्ती. हे कागद खोटे आहेत. या घरांना कुणी विचारलं नाही. मी विचारलं नाही. यांतलं एक अक्षरही त्यांचं नाही." त्यांनी चौदाही क्रमांक एकेक करून वाचले. मध्ये आवाज फुटला, तेव्हा थांबल्या आणि पुन्हा त्याच क्रमांकापासून वाचू लागल्या.

चौकशी झाली. नोकरी गेली, निवृत्तीला आठ महिने राहिले असताना. ज्या शिक्षकाला कारंजं हवं होतं, तो रस्ता बदलून जाऊ लागला. काही जण म्हणाले, "कशाला उकरून काढलं? पोरीचा पाय काय लांब होणार होता?" टेपबाईंनाही वाटलं होतं की एकदा बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. एवढंच झालं की आता ते लपवावं लागत नव्हतं.

खाणवस्तीचं मैदान पुढल्या वर्षी झालं. नकाशा नव्या इंजिनिअरने काढला. त्याच्याकडे टेपबाईंनी एकच निरोप धाडला: भिंत कंबरेएवढी म्हणजे कुणाच्या कंबरेएवढी, हे आधी विचारा. तो गेला, विचारलं, आणि वस्तीच्या सांगण्यावरून भिंत हातभर वाढवली. उद्घाटनाचं बोलावणं त्यांना आलं नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती.

महिनाभराने एका साध्या दुपारी त्या एकट्या गेल्या. पोरं चेंडू खेळत होती. ठकी भिंतीला टेकून गुण सांगत होती आणि ज्याचे गुण ती सांगे तो तिच्याशी भांडत होता. टेपबाई कडेला उभ्या राहिल्या. ठकीने ओळखलं. हसली नाही, आणि तोंडही फिरवलं नाही.

"तिथे नका उभ्या राहू," ती ओरडली. "मैदानाच्या आत आलात तुम्ही. चेंडू लागेल."

टेपबाईंनी खाली पाहिलं. चुन्याची रेघ त्यांच्या मागे होती. त्या दोन पावलं मागे सरकल्या, रेघेच्या बाहेर, आणि डाव संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.