पंचफुलानं गोफण खाली ठेवली

बोरगावच्या शिवारात गोफणीचा आवाज झाला की लोक समजतात, पंचफुलाबाई बागेत पोचली. नवरा गेल्यापासून संत्र्याची बाग तीच राखते. वानरांची टोळी नाल्यापलीकडच्या कडुलिंबांवरून तिचा अंदाज घेते आणि बहुतेक दिवशी तशीच मागं फिरते. शेजारच्या बांधावरचा प्रभाकर तिला चिडवायचा, "काकू, वांदरं तं येतच नाहीत. कायले बसून राहता उगीच?"

"मी बसून राहिली म्हनून येत नाहीत, बाप्पा."

तिचा मुलगा अंकुर बायकोला, तृप्तीला घेऊन अमेरिकेत न्यू जर्सीला गेला. आजारपणाचा विमा कंपनीनं त्याचा एकट्याचा काढला. तृप्तीचं नाव घालायचं तर दर महिन्याला पगारातून पैसे कापले जाणार, म्हणून त्यानं ते घातलंच नाही. कर भरायची वेळ आली तेव्हा कळलं, तिथं घरातलं माणूस विम्याविना ठेवलं तर दंड बसतो. आधी तो हबकला. मग त्यानं हिशोब मांडला. विम्यापेक्षा दंड स्वस्त. यंदाही दंडच भरायचा, असं त्यानं ठरवलं.

जानेवारी संपत आला आणि तृप्तीचा फोन आला. "आई, दिवाळीपासून पोटात दुखून राहिलं. विमा नाही तं दवाखान्याचं नाव काढायची भीती वाटते. नाव घालायची मुदत महिनाअखेरपर्यंतच आहे. यांना दुखण्याचं सांगितलं नाही मी. विम्याचं मात्र ऐकतच नाहीत, दंड स्वस्त पडते म्हणतात. तुम्ही सांगा नं."

"सांगून नाही ऐकनार तो. बापावर गेला. उद्या सकाळी त्याच्यासंगं फोन लाव, चेहरा दिसनारा."

सकाळी मृग बहाराची संत्री उन्हात पिवळीजर्द झाली होती. पंचफुलानं फोन पाण्याच्या घागरीला टेकवून झाडांकडं वळवला. गोफण गुंडाळून मांडीवर ठेवली आणि ती बांधावर बसली.

पहिलं वानर बिचकत आलं. मागून सारी टोळी उतरली.

"माय, वांदरं!" अंकुर ओरडला. "हाकल नं!"

"नाही. मी पन हिशोब मांडला. राखन महाग पडते. खातील तेवढा दंड."

"बाबानं लावलेली झाडं आहेत ती!"

"अन् तृप्तीले घरात कोनं आनलं? दिवाळीपासून पोट दुखून राहिलं तिचं."

अंकुरनं वळून तृप्तीकडं पाहिलं. "काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही दंडाचा हिशोब करून राहिले होते," तृप्ती म्हणाली.

विहिरीजवळच्या झाडाची फांदी कडाडली. ते झाड अंकुरनं शाळेत असताना स्वतः लावलं होतं.

"माय, ऊठ नं!"

"तिचं नाव घाल. मी बसली हाय."

पलीकडं कॉम्प्युटरची बटणं वाजू लागली. मोठा हुप्प्या एकेका संत्र्याला चावा घेऊन फेकत होता, तोही तिच्याकडं बघत. तिची बोटं दोरीवर आवळली, पण ती उठली नाही.

"आई, झालं," तृप्ती म्हणाली. "पहिल्या तारखेपासून."

तेव्हा पंचफुला उभी राहिली. गोफण डोक्यावरून फिरली, दगड सणाणत गेला आणि टोळी नाल्यापार पळाली.

"पयल्या तारखेले तिले दवाखान्यात ने," तिनं अंकुरला बजावलं.

मग उष्टी संत्री बकऱ्यांसाठी ती ओच्यात गोळा करू लागली. बांधावरून प्रभाकर हसला. "काकू, आज झोपल्या होत्या काय? वांदरं आली कशी?"

"मी येऊ देली," पंचफुला म्हणाली.