दाराचे पाच सेकंद

मजले मोजताना मी पार्किंगचे तीन धरलेच नाहीत. चूक एवढीच. तिच्यावर जे उभं केलं ते माझं खास कर्तृत्व.

अंधेरीत लिफ्टची कंट्रोल पॅनेलं बनवणाऱ्या छोट्या कंपनीत मी प्रोग्राम लिहितो. मुलुंडला चाळ पाडून टॉवर झाला होता, त्याची लिफ्ट आमच्याकडे आली. सोसायटीच्या सेक्रेटरींना फोनवर विचारलं, "मजले किती?" ते म्हणाले, "बारा." तळमजला धरून तेरा. कुठलं बटण दाबलंय याची नोंद ठेवायला मी मेमरीत तेरा कप्पे आखले. त्यांना लागून चौदावा कप्पा दाराच्या वेळेचा: दार किती सेकंद उघडं राहणार. पाच.

आठवड्याभरात तक्रार आली, दार तोंडावर मिटतंय. बघतो तर पाचाच्या जागी शून्य. ऑफिसातल्या आठ बटणांच्या पॅनेलवर तोच प्रोग्राम चालवला, पाच. परत चालवला, पाच. मुलुंडला गेलं की शून्य.

दाराचा भाग माझ्या मित्राने लिहिला होता. सहा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसणारा मालवणी माणूस. त्याच्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं निम्मं माझंच असायचं. त्या वर्षी बढतीसाठी आम्हा दोघांची नावं होती. मग काय, मला सगळं लख्ख दिसलं. मला तोंडघशी पाडायला यानेच माझा आकडा फिरवला. इतकं लागलं की दुपारी मी त्याच्या डब्याला हात लावला नाही.

"काय रे, पोट बिघडलंय?" त्याने विचारलं.

वर हा साळसूदपणा. मी उठलो तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये.

दुसऱ्या दिवसापासून मित्र फिरतीवर, गावभरच्या बंद लिफ्टा बघायला. प्रोग्रामला हात लावायची बंदी. त्याचा भाग मी नव्याने लिहिला. महिना गेला, शून्य हटेना.

शेवटी वॉचमनचं प्लास्टिकचं स्टूल मागून, लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या लिफ्टमध्येच ठाण मांडलं. आकडा पुन्हा पाचावर आणला. चौथा दाबला, पाच. सातवा, पाच. मग भाजीची पिशवी घेऊन एक आजी आल्या आणि त्यांनी दहावा दाबला. स्क्रीनवर पाचाचा एक झाला. वर पोचलो तर दार लगेच मिटायला लागलं, मी पाय घालून ते अडवलं. आजी बाहेर पडल्या. स्क्रीनवर तोवर एकाचं शून्य झालं होतं.

"आजी, हा खालून दहावाच ना?"

"दहावाच. पार्किंगचे तीन कोण मोजतंय? तिथे काय माणसं राहतात?"

तळमजला, पार्किंगचे तीन, वर बारा. सोळा. म्हणजे दहाव्याची नोंद चौदाव्या कप्प्यात पडत होती, दाराच्या वेळेवर. बटण दाबलं की एक, लिफ्ट पोचली की शून्य. माझ्या आकड्याचा घात माझ्याच ओळीने केला होता, आणि मी महिनाभर दगा झाल्याचं तोंड करून हिंडत होतो.

साहेबांना सांगितलं. त्यांनी मित्राला परत बोलावलं, पण बढतीची यादी गेली होती आणि तिच्यात त्याचं नाव नव्हतं. तो घाटकोपरला एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मोटर खोलून बसला होता. तिथे जाऊन सगळं कबूल केलं. फडक्याने ग्रीस पुसत त्याने ऐकून घेतलं.

"मशीनला महिनाभर विचारत बसलास," तो म्हणाला. "मला एकदा विचारायला काय झालं होतं रे, गाढवा?"