बैलाच्या अंगावरचे पाच पट्टे

संशय घेण्याची मला पहिल्यापासून हौस. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शिरूरच्या बाजारपेठेमागं माझा कापडावर स्क्रीन प्रिंटिंग करायचा कारखाना होता, तेव्हा तर ती फारच बहरली होती. कारखाना म्हणजे पत्र्याची खोली, एक लांब टेबल आणि उत्तरेकडचा एक कारागीर. लाकडी चौकटीत ताणलेल्या जाळीवर तो चित्र उतरवायचा, रंग ओतून रबराची पट्टी ओढायचा, आणि जाळी उचलली की खालच्या कापडावर चित्र हजर! मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तो गेला तर माझ्याकडं फक्त टेबल उरणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

दसरा नुकताच झाला होता. वडगाव रासाईच्या कबड्डी संघाचे पिवळे टी-शर्ट छापायचे होते, छातीवर काळा बैल. पहिला छापला, तर बैलाच्या अंगावर पाच उभे पिवळे पट्टे. तिथं रंगच उतरला नव्हता. दुसराही तसाच, तिसराही. कारागिरानं जाळी पाण्यानं धुतली, पुन्हा छापलं. पट्टे जागेवर.

संघाचा कप्तान बघायला आला. "मालक, ह्यो बैल हाय का झेब्रा?"

"नवीन फॅशन हाय."

"आवो, समोरचे आमाला धरायचं सोडून हसत बसतील!"

"मग जिंकालच की."

"चेष्टा नगं. परवा सामना हाय. न्हाई जमलं तर स्टँडजवळच्या नव्या दुकानात टाकतो."

नवं दुकान! माझे कान टवकारले. बैल बिघडला तर फायदा कुणाचा? मी लगेच तपास हाती घेतला. वाळत घातलेल्या कापडांमागं लपून कारागिरावर नजर ठेवली. माझे पाय खालून दिसत होते, हे दारातून डोकावून गेलेल्या बायकोनं पुढं सांगितलं. दुपारी तो एसटीडी बूथवर गेला, तर मी मागोमाग, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून. आतून आवाज आला, "काम हो जाएगा, चिंता मत करो।"

झालं! तो कारखान्यात परतला तेव्हा मी दारातच उभा.

"कुणाचं काम होणार आहे?"

"बहन की शादी का, सेठ।"

"वा! आणि हे पाच पट्टेही बहिणीच्या लग्नाचेच का?"

त्यानं हात धुतले, पुसले, पिशवी भरली. "दौंड से गाड़ी है," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मी विजयी मुद्रेनं खुर्चीत बसलो.

थोड्या वेळानं बायको डबा घेऊन आली. टी-शर्ट पाहिला, जरा थबकली आणि बैलावर आपला हात ठेवला. पाचही बोटं पट्ट्यांवर बरोब्बर बसली.

"अहो, ही माझी बोटं."

दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना तिनं जाळीवरही तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं ओढली होती. कारागीर तेव्हा रंग आणायला पुण्याला गेलेला. तो यायच्या आत तिनं कुंकू पुसलं, पण तेल जाळीत मुरलं. त्यातून रंग कसा उतरणार? आणि नुसत्या पाण्यानं तेल कसलं निघतंय!

"मला सांगायचंस की!"

"तुम्ही विचारलंत? तुम्ही तर कापडांमागं लपला होतात."

जाळी काखोटीला मारून मी दौंडची एसटी पकडली. कंडक्टरपासून शेजारच्या सीटवरच्या आबांपर्यंत सगळ्यांनी विचारलं, "ही कसली चाळण?" दौंडच्या फलाटावर कारागीर पिशवीवर बसला होता. वाटेत मी एक सुंदर भाषण तयार केलं होतं. ते सुरू करणार तोच त्यानं जाळी माझ्या हातातून घेतली, उन्हाकडं धरली, मग हुंगली.

"तेल?"

"बायकोनं पूजा केली. तुझ्या हाताला यश यावं म्हणून."

"और आपने क्या किया, सेठ?"

भाषणातलं एकही वाक्य आठवेना. "तुझ्यावर संशय घेतला. चुकलो."

गाडीची घोषणा झाली. त्यानं रुळांकडं पाहिलं, जाळीकडं पाहिलं. "मिट्टी के तेल से, रॉकेल से निकलेगा," तो म्हणाला, "लेकिन आप करोगे तो जाली फटेगी।"

तो उठला. पिशवी माझ्या हातात दिली, जाळी मात्र स्वतःच्या काखेत ठेवली. स्टेशनबाहेर जाणाऱ्या पुलाच्या पायऱ्या चढताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं, मी पिशवी उघडून बघतोय की काय म्हणून.