उलट्या दिशेचं गणित

लाटा कशा विखुरतात याचं गणित मी करते. तलावात काठी रोवलेली असली, तर पाण्यावरची लाट तिच्यावर आदळून चहूकडे पसरते. काठी कुठं आहे, केवढी आहे हे ठाऊक असलं की लाटेचं पुढं काय होईल ते काढता येतं. हा सरळ प्रश्न. उलटा प्रश्न अवघड असतो. काठी दिसत नाही, काठावर पोचलेल्या लाटा तेवढ्या हाती असतात, आणि त्यांच्यावरून काठी शोधायची असते. पुण्यात माझी पीएचडी या उलट्या प्रश्नावर झाली. माझ्या लाटा आवाजाच्या होत्या, माणसाच्या शरीरात जाणाऱ्या. सोनोग्राफीचं चित्र अशाच लाटांतून तयार होतं.

आईला हे एकदा समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजे अंधारात चाचपडायचं, अन् त्याचा पगार घ्यायचा!"

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी अंबडला आले. नवरा पुण्यातच राहिला, नोकरीमुळे. घरी आई आणि अण्णा. आमच्याकडची मेंढरं आजोबांच्या माघारी विकली गेली, तेव्हापासून अण्णा नुसती शेती करतात.

तपासायला आम्ही नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या दवाखान्यात जायचो. तिथल्या डॉक्टरबाईंना माझं काम कळल्यावर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. चित्र वाळू पसरल्यासारखं दाणेदार दिसत होतं. मी त्यांना सांगितलं, हे दाणे खरे नाहीत. शरीरातल्या बारीक बारीक कणांवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, त्यातून ते उमटतात. त्या हसल्या. "मला तर ते आता दिसतही नाहीत. मी त्यांच्या पलीकडचं बघते."

पलीकडे बाळाचं हृदय उडत होतं. माझ्या सगळ्या मॉडेलांत वस्तू स्थिर धरलेली असे. हलणारी वस्तू घेतली की समीकरणं फार वाढतात, म्हणून मी ते नेहमी पुढं ढकललेलं. त्या दिवशी नवऱ्याला फोनवर म्हणाले, "आता हलणारं गणित करावंच लागणार मला." तो म्हणाला, "आधी बाळाला येऊ दे, मग दोघं मिळून काय ते करा."

बाळ येण्याआधी मला जांब समर्थला दर्शनाला न्यायचं आईच्या फार मनात होतं. अण्णांनी ओळखीतली जीप ठरवली. रस्त्याचं काम चाललेलं, मधे बराच भाग उखडलेला. एका खड्ड्यात जीप अशी आदळली, की आईनं दोन्ही हात माझ्या पोटावर ठेवले. नंतर आम्ही दोघी हसलो. देवळात तिनं बराच वेळ डोळे मिटून हात जोडले. येताना मला पेढा भरवला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी तिला म्हणाले, "आई, आज हालचाल कमी वाटून राह्यली."

"झोपलं असल. साखरेचं पाणी पी, अन् डाव्या कुशीवर पड जरा."

पाणी प्याले, पडले. पोटात काही हललं नाही. दुपारी आम्ही जालन्याला गेलो.

डॉक्टरबाईंनी पोटावर जेल लावलं आणि प्रोब फिरवायला लागल्या. पडदा त्यांच्याकडे होता. त्या एरवी बोलत असत, आज बोलेनात. मी म्हटलं, "कोन बदलून बघा." त्यांनी बदलला. "बाळ पाठमोरं असेल, बरगड्यांनी लाट अडत असेल." त्यांनी मला कुशीवर वळवून पाहिलं. उलट्या प्रश्नाला बरेचदा एकाहून जास्त उत्तरं असतात, त्याच लाटा निराळ्या वस्तूवरूनही येऊ शकतात. मी त्यांतलं दुसरं उत्तर शोधत होते.

"रंग लावून बघा," मी म्हणाले. वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या लाटेचा सूर किंचित बदलतो, आणि यंत्र त्या बदलाला लाल-निळा रंग देतं. त्यांनी आता पडदा माझ्याकडे केला. कडेला रंग होता. तो माझ्या रक्ताचा. मधे सगळं करडं होतं.

"ठोके लागत नाहीयेत, बाई," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरला.

आई पायाशी उभी होती. "मंग दुसऱ्या मशिनवर बघा ना," ती म्हणाली.

दुसऱ्या मशिनची गरज नव्हती, हे त्या खोलीत मला आणि डॉक्टरबाईंना कळलेलं होतं. आईला ते मला सांगावं लागलं.

कळा औषध देऊन आणल्या. मुलगी होती. केस दाट होते. नवरा पुण्याहून येऊन पोचला होता. त्यानं तिला फडक्यात गुंडाळून घेतलं, आणि तो आणि अण्णा तिला शेतात घेऊन गेले. कुठल्या बांधाशी ठेवलं ते मी विचारलं नाही. मला दूध आलं. आई छातीला घट्ट कापड बांधून द्यायची आणि तोंड फिरवून घ्यायची.

तिचं जेवण तुटल्याचं माझ्या उशिरा लक्षात आलं. एकदा न्हाणीतून येताना ऐकलं, ती अण्णांना विचारत होती, "त्या खड्ड्यानंच झालं का वो?" अण्णा म्हणाले, "गप बस. पोरगी ऐकल."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "आई, बाळ पाण्यात असतं. तसल्या धक्क्यानं काही होत न्हाई. डॉक्टरांनीबी सांगितलंय. अन् त्याच्यानंतर ते चांगलं हलत होतं."

"तर मंग कशानं झालं?"

"माहीत न्हाई. तपासण्यांत काहीच निघालं न्हाई."

"इतकं शिकलीस, अन् माहीत न्हाई?"

"जे झालं त्याच्यावरून मागं जाता येतं, आई, पण दर वेळी न्हाई. कधीकधी मागं काहीच सापडत न्हाई."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माझ्यानं झालं म्हणलं, तर कशानं झालं एवढं तरी कळतं. तू ते बी काढून घेऊन राह्यली."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं माझ्या केसांत तेल घातलं, बाळंतिणीला घालतात तसं, भरपूर. दोघी रडत होतो.

मी आता परत पुण्यात कामावर आहे. हलणाऱ्या वस्तूचं गणित अजून हाती घेतलेलं नाही. आई रोज संध्याकाळी फोन करते, काय केलंस, काय खाल्लंस विचारते. अण्णा सांगतात, ती जांबला परत गेली नाही, शेजारच्या बायका बोलवायला आल्या तरी. तुझं काही चुकलं नाही असं मी तिला अजून सांगत असते. ती म्हणते, "बरं." तिला ते पटलेलं नाही, हे आवाजावरून कळतं.