सावलीत गेलेली मिरची
भिवापुरी मिरचीचा वास आला की मला कोकण किनाऱ्याने गोव्याला नेणारी ती शिडाची बोट आठवते. पणजीसमोर नांगर टाकला, तेव्हा गोव्यात दिलेल्या माझ्या बहिणीसाठी आणलेली मिरची खाऱ्या हवेने सर्दावली होती. बाबांनी ती तापलेल्या फळ्यांवर पसरली. थोड्या वेळाने बघतात तर मिरची सावलीत! "माही मिरची कोणं सरकवली गा?" "कोणी नाही, काका. भरती आली, बोटच फिरली," नावाडी हसला. बाबांनी वाकून नांगराचा दोर पाहिला. "म्हणजे बैल खुट्याभोवती फिरते तशी?" मग शहर बघायला ते उतरलेच नाहीत, समोरचं शहर हळूहळू पाठीमागे जाताना बघत बसले. काल धंतोलीतल्या दवाखान्यात नर्सने त्यांचा पलंग खिडकीकडे वळवला. डोळे मिटलेलेच होते. पुटपुटले, "भरती आली वाटते गा."