पाणीपुरवठ्याच्या नोटिशीला आलेलं उत्तर

सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं झाली होती आणि पोस्टमास्तर रांगेतलं एकोणिसावं पत्र वाचत होते.

पोस्टमास्तर हे त्यांचं पद नव्हे. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात, तळमजल्यावरच्या काउंटरवर ते सहायक आहेत. पासवर्ड विसरलेल्यांना नवा द्यायचा, भरून गेलेल्या मेलबॉक्सची जागा वाढवून द्यायची आणि ‘सर्वांसाठी’ या पत्त्यावर आलेले ईमेल वाचून पुढे सोडायचे, अशी तीन कामं. त्या पत्त्यावरचं पत्र अकरा हजार जणांना जातं, म्हणून ते आधी त्यांच्यापाशी थांबतं. नाव पडलं ते या तिसऱ्या कामावरून. विद्यार्थी मात्र काका म्हणतात.

वय सत्तावन्न. या काउंटरवर येण्याआधी एकोणीस वर्षं ते विद्यापीठाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. एक्स्चेंज बंद झालं आणि त्यांना दोन जिने उतरून इथे बसवण्यात आलं. सगळ्या विभागांचे अंतर्गत नंबर त्यांना अजून पाठ आहेत. बायको म्हणते, लग्नाची तारीख विचारा, गडबडतील. ग्रंथालयाचा नंबर झोपेतही सांगतील.

काउंटरवर एक घंटी, दोऱ्याला बांधलेलं बॉलपेन, सह्यांचं रजिस्टर आणि ‘फोनवर पासवर्ड मिळणार नाही’ अशी पाटी. पाटी सगळ्यांना लागू आहे. एकदा खुद्द कुलगुरूंच्या सहायकाने फोन केला होता. मास्तरांनी सांगितलं, साहेबांना ओळखपत्र घेऊन पाठवा. साहेब आले, रांगेत दोघांच्या मागे उभे राहिले, सही करून गेले.

एकोणिसाव्या पत्राचा विषय होता ‘पाणीपुरवठा बंद राहण्याबाबत’. देखभाल विभागाने सकाळीच सर्वांना नोटीस पाठवली होती. अशा नोटिशीला उत्तर दिलं की ते देखभाल विभागाला न जाता सर्वांना जायला निघतं, हे लोकांना अजून उमगलेलं नाही. ‘आमच्याकडे तर आजच नाही’ असं सांगणारी दोन उत्तरं मास्तरांनी नुकतीच बाजूला केली होती. हे तिसरं मात्र ‘ताई’ या शब्दाने सुरू होत होतं.

लिहिणारी रसायनशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी होती. बहिणीला लिहायचं, ते घाईत मोबाइलवर उघड्या असलेल्या नोटिशीलाच उत्तर म्हणून गेलं होतं. सरांनी सुट्टीवर जाताना प्रयोगशाळेतला फ्रीज बंद केला, माझे आठ महिन्यांचे नमुने वाया गेले, असं तिने लिहिलं होतं. परवा सगळ्यांसमोर मलाच विचारलं, उशीर का. आता त्यांचं तोंड बघवत नाही. सोडून घरी येते.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

त्यांच्यापुढे बटणं दोनच होती. ‘सोडा’ दाबलं तर पत्र अकराच्या टपालात अकरा हजार जणांना जाणार. ‘नाकारा’ दाबलं तर नियमाप्रमाणे त्याची प्रत आपोआप विभागप्रमुखांना जाणार, आणि रसायनशास्त्राचे विभागप्रमुख म्हणजेच तिचे सर. आगीतून फुफाट्यात. काहीच न दाबता बसून राहावं, तर तीही सोय उरली नव्हती. चार वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नासाठी मास्तर रजेवर गेले आणि परीक्षेची बदललेली तारीख दोन दिवस रांगेत पडून राहिली. तेव्हापासून रांगेत उरलेलं सगळं अकराच्या ठोक्याला यंत्र स्वतःच सोडून देतं. पत्र मागे घेऊ शकते फक्त पाठवणारी, तेही अकराच्या आत.

त्यांनी तिच्या मोबाइलवर फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. मग विभागाच्या कार्यालयात विचारलं. कारकुनाने सांगितलं की ती मोठ्या मशीनच्या खोलीत आहे, आणि तिथे मोबाइल दाराबाहेरच्या पेटीत ठेवावे लागतात. निरोप द्यायला जाणार का, तर कारकून एकटाच होता, समोर प्रवेशअर्जांची रांग होती.

दहा चोवीस.

त्या खोलीत भिंतीवर एक जुना फोन असायचा. नंबर चारशे सतरा. तो कुणी काढला असेल तर काढला असेल. मास्तरांनी फिरवला. अकरा वेळा वाजल्यावर उचलला गेला आणि पलीकडून सरांचाच आवाज आला.

“हा फोन चालतो?” सर म्हणाले.

मास्तरांनी ताकास तूर लागू दिली नाही. तुमच्या विद्यार्थिनीला ओळखपत्र घेऊन लगेच काउंटरवर पाठवा, तिच्या खात्याचं काम आहे, एवढंच सांगितलं. सर म्हणाले, मशीन चालू आहे, बाराला पाठवतो.

“सर, अकराला काउंटर बंद होतो.”

हे खरं होतं. टपाल सुटताना मास्तर रोज पंधरा मिनिटं काउंटर बंद ठेवतात.

दहा एकेचाळीसला ती आली. तिच्यामागे सरही आले. त्यांचा मेलबॉक्स आठवडाभर भरलेला होता. मास्तरांचा आवाज ऐकून त्यांना ते आठवलं होतं.

मास्तरांनी सरांना जागावाढीचा अर्ज दिला, दोन्ही बाजूंनी भरायचा, आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. मग मुलीकडे स्क्रीन वळवली. तिने विषय वाचला, खालचा ‘ताई’ वाचला आणि काउंटरची कड धरली.

पत्र मागे घ्यायचं पान पासवर्ड मागत होतं. तो तिला आठवेना. मोबाइलच तो लक्षात ठेवायचा, आणि मोबाइल घाईत पेटीतच राहिला होता. तीन वेळा चुकल्यावर खातं बंद झालं. मास्तरांनी ओळखपत्र पाहिलं, रजिस्टर पुढे केलं, सही घेतली, नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. वेळ दहा सत्तेचाळीस. नवा पासवर्ड लागू व्हायला दहा मिनिटं लागतात, कधी बारा.

“आणि तेरा लागली तर, काका?”

“आजवर लागली नाहीत. बस तिथे.”

दरम्यान सर अर्ज घेऊन आले. मागच्या बाजूचं ‘जागा कशासाठी हवी’ त्यांनी कोरं सोडलं होतं. मास्तरांनी बोट ठेवलं. सर लिहू लागले, थांबले, आणि मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले की हिची आकडेवारी पुन्हा गोळा करायची आहे, त्यासाठी. नमुने माझ्यामुळे गेले, मास्तर. मशीनवर दोन महिन्यांची माझी वेळ तिच्या नावावर केली आहे. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर भलतंच बोलून गेलो.

मास्तरांनी अर्जावर शिक्का मारला.

“सर, हे माझ्याकडे देऊन उपयोग नाही. ज्याचं त्याला पोचवा.”

दहा सत्तावन्नला तिने पासवर्ड घातला. यंत्राने घेतला नाही. दहा अठ्ठावन्नला घेतला. रांगेत एकोणीस पत्रं होती, ती अठरा झाली. ती खुर्चीत मागे टेकली आणि मोठा श्वास सोडला.

“तुम्ही सगळं वाचलंत?” तिने विचारलं.

“वाचणं हे काम आहे. सांगणं नाही.”

बाहेर पायरीवर सर तिच्यासाठी थांबले होते. काचेतून ऐकू येत नव्हतं. सर बराच वेळ बोलत होते, जमिनीकडे बघत; तिने मध्ये एकदाच काहीतरी म्हटलं. मग दोघं विभागाच्या दिशेने गेले. तोवर मास्तरांनी काउंटरवर ‘बंद’ची पाटी लावली होती आणि टपाल सुटताना पाहिलं होतं.

दुपारी डब्याच्या वेळी बायकोचा फोन आला. सकाळी काय विशेष, तिने विचारलं. काही नाही, ते म्हणाले. ती म्हणाली, अकरा हजार लोकांची पत्रं वाचता, मी डब्यात घातलेली चिठ्ठी वाचलीत का? वाचली नव्हती. येताना साबण आणायचा होता.

चारच्या सुमारास काउंटरच्या फटीतून एक कागद आत आला. मुलीचा होता, ईमेल नव्हे, वहीतून फाडलेला. ‘ताईला फोन केला. घरी जात नाहीये.’ खाली एक ओळ: ‘पासवर्ड आता पाठ आहे.’ मास्तरांनी तो घडी करून रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यात ठेवला.

जाण्याआधी त्यांनी टेबलाखालच्या दोन बाटल्या नळावर भरून घेतल्या. उद्या सकाळी दहा ते एक पाणी येणार नाही. टपाल अकराला सुटेल.