सुमनचा पहिला नंबर

हसणार नसाल तरच सांगतो. जबलपुरात मी अशी काही माती खाल्लीय की तिकडचा माणूस भेटला तर आजही रस्ता बदलतो!

लढाईचे दिवस. मी पुण्याहून नवानवा तोफगोळ्यांच्या कारखान्यात, तपासणी विभागात लागलो होतो. दहा गोळे तपासून हजारांचं भविष्य सांगायचं, हे आमचं काम. एका आकड्यावरून दुसरा काढायची कोरिलेशन, रिग्रेशनची सूत्रं तोंडपाठ! आणि तिथली मराठी? अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी. मी उठताबसता नाक मुरडायचो.

शेजारी वानखेडे, आमच्याच कारखान्यात फिटर. त्यांची सुमन मॅट्रिकला शाळेत पहिली आली.

"साहेब, पोरीले कॉलेजात घालू का? पास होत असन तर घालतो, नाहीतर लगन लावून देतो."

"अहो, गणितानं सांगतो ना!"

कॉलेजच्या कारकुनाकडून, म्हणजे तिथल्या बाबूजींकडून, जुन्या मुलांची यादी आणली. एका रकान्यात मॅट्रिकचे 'नंबर', दुसऱ्यात कॉलेजचे टक्के. बघतो तर काय, एकाचाही नंबर पहिला नाही! सगळे चाळिसावे, पन्नासावे, साठावे. तिघांचा तर नंबर अगदी सारखाच! काय हे गाव! हुशार मुलं इथे कॉलेजात जातच नाहीत वाटतं?

कोरिलेशन मात्र झक्कास आलं. मॅट्रिकला जो जितका मागे, तो कॉलेजात तितका पुढे! म्हटलं, जबलपूर आहे, इथे सगळं उलटंच चालायचं. सुमनचा नंबर एक, म्हणून सूत्रात एक घातला. उत्तर आलं, सपशेल नापास.

वानखेडे लगेच जवळच्या कुंडम गावचं स्थळ बघायला तयार! सुमननं रडतरडत माझे कागद ओढून घेतले, आणि तिचं रडणंच थांबलं.

"काका, नंबर म्हणजे काय समजून राहिले तुम्ही?"

"म्हणजे? पहिला, दुसरा, तिसरा..."

"अहो, नंबर म्हणजे मार्क! बाबूजी हिंदीत लिहितात नं! काहून विचारलं नाही कोणाले?"

तिनं स्वतःचे मार्क सूत्रात घातले. फर्स्ट क्लास! कुंडम तिथल्या तिथे रद्द. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तेवढ्यावर थांबावं की नाही पोरीनं?

"काका, तुमचे मॅट्रिकचे मार्क किती होते जी?"

सांगितले. तिनं गुणाकार केला, बेरीज केली आणि कागद वडिलांपुढे सरकवला. वानखेडे कागदावर वाकले.

"नापास? साहेब, हिशोब पुन्हा चुकून राहिला का?"

"नाही हो," मी म्हणालो, "आता अगदी बरोबर आहे. कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला दोनदा बसलोय मी."